खंडेनवमीला अडवलेलं रिस्टार्ट

वैशालीचं डोकं सणकलं होतं, आणि का सणकू नये? डोंबिवलीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सहा वर्षं तिनेच सांभाळले, आणि आज लॅबचे मालक प्रफुल्लसाहेब तिलाच चोर म्हणत होते!

झालेलं असं. कॉम्प्युटरला अपडेट आणून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच भोक निघालं. साध्या खात्यात बसलेला कुणीही, म्हणजे काउंटरवरचा राकेशसुद्धा, पासवर्डशिवाय ॲडमिन होऊ शकत होता. वैशालीने दुरुस्ती लगेच उतरवून घेतली. ती लागू व्हायला मशिनं फक्त रिस्टार्ट करायची राहिली होती. पण नेमकी खंडेनवमी! मशिनांना हळदकुंकू लागलेलं, झेंडूच्या माळा चढलेल्या.

"पूजेला बसवलेलं मशीन दसरा होईपर्यंत बंद करायचं नाही," साहेबांनी बजावलं. "दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं. पेशंटांची अख्खी यादी, रिपोर्ट आणि फोन नंबरांसकट, त्याच दोन दिवसांत बाहेर गेली.

"ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे," साहेब म्हणाले. "गुपचूप राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत तुझंच नाव देतो."

"अहो, पासवर्ड लागतच नाही! घसा फोडून सांगत होते ना मी?"

ती ताडकन उठली. आतल्या खोलीतलं एक मशीन अजून रिस्टार्ट झालं नव्हतं. त्यावर साध्या खात्यातून शिरून साहेबांच्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांत ती ॲडमिन झाली.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुला हे येतं. तूच केलंस!"

घ्या! खरं करून दाखवावं, तर तेच गळ्यात. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं राबून हेच का माझं नाव, असं वाटून अंगाची लाही लाही झाली. तिने पर्स उचलली.

"चला, आत्ताच जाऊ पोलिसांत. मी येते. काउंटरच्या मशीनला कुणी हात लावू नका. त्या दोन दिवसांत त्यावर कधी काय झालं, ते त्यातच नोंदलेलं असतं. काढू देत पोलिसांना."

साहेब दारात आडवे झाले. "अगं थांब! पोलीस कशाला? राकेश माझ्या बायकोचा भाऊ आहे गं!"

राकेशचं तर तिने नावही घेतलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!" वैशाली ओरडली ते खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. साहेबांना बाजूला सारून ती जिना उतरली.