माठोबाला बुडवणारी झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे, पत्र्याची, आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने महाहेवेखोर. या वयात लपवून मिळवायचं काय?

माझा जन्म डोंबिवलीतला. पत्र्याचं काम करणाऱ्या धोंडीबांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून मला घडवलं. नऊ वर्षं मी ऋजुताताईंच्या बालवर्गात राबले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे छोटंसं अंगण. तिथे मुलं दह्याच्या रिकाम्या डब्यांत मेथी पेरायची आणि मला धरायला भांडायची. "आज माझा नंबर! काल तू घेतलेलीस!" ऐकून काय सुख वाटायचं म्हणून सांगू! पालक आले की ताई मला उचलून म्हणायच्या, "ही आमची सगळ्यात जुनी शिक्षिका."

मग दिवाळीनंतर तो आला. ठाण्याला नौपाड्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून ताईंनी आणलेला, खत करायचा मातीचा माठ. गळ्याशी हवेसाठी भोकं, अंगाला गेरू, वर ऐटबाज झाकण. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं माठोबा. डब्यातली केळ्याची सालं, काकडीचे शेंडे घेऊन सगळी त्याच्याकडे धावायची. "माठोबा, आ कर!" आणि मी? दाराआड, केरसुणीच्या शेजारी. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. दहावा उजाडला, विसावा उजाडला, कौतुक काही ओसरेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नुसता खात बसतो मेला, आणि त्याचे एवढे लाड!

सगळ्यात जास्त लागलं ते उर्वीचं. पाच वर्षांची ही पोर आधी मला सोडून घरी जायला तयार नसायची. आता माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

एकदा ताई आत फोनवर बोलत होत्या. उर्वी माठासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अरे, ह्याला आपण जेवायला वाढतो, पण पाणी कुठे फिरवतो? माझे आजोबा आधी ताटाभोवती पाणी फिरवतात, मगच जेवतात." सगळ्यांना पटलं. तिने मला दाराआडून काढलं, नळाखाली भरलं आणि माठाभोवती थेंब थेंब फिरवलं. मग स्वानंद म्हणाला, "आतपण दे ना थोडं. तहान लागली असेल त्याला."

मित्रांनो, माझ्या तोंडावरची चाळणी कधीपासून सैल होती. मी ती कशीबशी धरून होते. उर्वीने मला माठावर कलती केलं आणि मी ती सोडून दिली. भसकन सगळं पाणी आत! मुलं हसली, "अजून, अजून!" म्हणाली. तीनदा भरलं मला, आणि तिन्ही वेळा मी मनापासून रिकामी झाले. बुड मेल्या, म्हटलं.

मग वास सुटला. पण डोंबिवलीकरांना वासाचं काय! "केमिकल कंपन्यांकडचा वारा आलाय," म्हणत सगळ्यांनी दोन दिवस खिडक्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या कलावतीमावशींनी माठाचं झाकण उचललं आणि पदर नाकाला लावला. "अगो बाय! ताई, हा तुमचा माठोबा सडलाय! वरचे श्रीपादकाका कळल्यावर गप्प बसायचे नाहीत. टाकून द्या हो."

मला काय आनंद झाला! पण तेवढ्यात उर्वी पुढे आली. "ताई, मी मारलं त्याला. मी पाणी पाजलं." आणि हमसून हमसून रडायला लागली. "मी आता कुणालाच पाणी नाही देणार. मेथीलापण नाही." तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. तिने थेंब थेंब दिलं होतं, लोट मी सोडला होता. आणि मला बोलता येत नव्हतं.

ताई रागावल्या नाहीत. "मेला नाही गं तो, पोट बिघडलंय त्याचं. चला, बरं करू." त्यांनी माठ जुन्या वर्तमानपत्रांवर उपडा केला. मुलांनी सुकी पानं आणून हाताने चुरली, भुसा मिसळला. श्रीपादकाका भांडायला खाली उतरले, तर स्वानंदने त्यांच्याच ओंजळीत पानं दिली. "काका, चुरा ना." काका मांडी घालून चुरायला बसले, आणि सगळं पुन्हा माठात भरलं. उर्वी मात्र भिंतीशी उभी होती, हात पाठीमागेच.

पंधरा दिवसांत वास गेला. खत आता फार कोरडं पडलं होतं. ताईंनी मला उर्वीपुढे धरलं. "थोडंसंच शिंपड." ती मान हलवत राहिली. ताई तशाच थांबल्या. शेवटी तिने मला दोन्ही हातांनी घेतलं आणि जपून कलती केलं. मी चाळणी जीव खाऊन धरली. पाच थेंब पडले, मग दहा.

"बघ ताई, नाही बुडला!" उर्वी ओरडली, आणि मेथीच्या डब्यांकडे पळाली.

तर मित्रांनो, हातून एखादं रोप गेलं तर हात मागे लपवू नका. पुन्हा या, जरा कमी पाणी घेऊन या. दाराआड पडलेल्या जुन्या झारीची चाळणीही अधूनमधून घट्ट करा. तिचा हेवा काही जायचा नाही, माझा तरी कुठे गेलाय! आणि उर्वी भेटली तर तिला एवढं सांगा, माठोबाला तिने बुडवलं नव्हतं. मी बुडवलं होतं.