शांतता फक्त उमेदवारांसाठी

ताई रक्तपेढीत कामाला होत्या. माहेरी थोरल्या म्हणून ताई, आणि तेच नाव कामावरही चिकटलं, इतकं की मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना ताईच म्हणत. दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतंय की नाही हे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. आणि आता नवा नियम निघाला, की तपासणीच्या अहवालावर सही करायची असेल तर रक्तपेढ्यांच्या संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा पास व्हायलाच हवी. संगणकावरची परीक्षा, दोन भागांत, मिळून सहा तास.

"देऊ की," ताई म्हणाल्या. "आजवर केलं तेच तर विचारणार."

पण पुस्तक उघडल्यावर कळलं, की प्रश्न अवघड नाहीत, अवघड आहे ते एका जागी बसणं. उभं आयुष्य फिरत काम केलेली बाई. वीस मिनिटं झाली की त्या उठायच्या आणि ओटा पुसायला लागायच्या.

"आई, तू अभ्यास करतेस की घर आवरतेस?" कॉलेजात जाणारी लेक विचारायची.

शेवटी नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. तो शाळेत खेळाचा शिक्षक. "सामना सहा तासांचा असेल तर सरावही सहा तासांचा हवा," असं म्हणून दर रविवारी तो ताईंना आतल्या खोलीत बसवायचा आणि दाराबाहेर शिट्टी घेऊन उभा राहायचा. पाणी किती प्यायचं, केळं कधी खायचं, नजर थकली की डोळे किती वेळ मिटायचे, सगळं त्याने ठरवून टाकलं होतं. पहिल्या रविवारी ताईंची पाठ धरली. दुसऱ्या रविवारी त्या चक्क झोपल्या. पण हळूहळू जमायला लागलं. मन भरकटलं की त्या ओळीखाली बोट धरायच्या आणि ओठांतल्या ओठांत वाचायच्या. रक्तपेढीच्या खिडकीशी नातेवाईक आरडाओरडा करत असायचे, तेव्हा पिशवीवरचं नाव त्या असंच वाचायच्या.

परीक्षेच्या दिवशी दारातच झडती झाली. कानातलं काढून ठेवा. रुमाल झटकून दाखवा. पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलून काढा. स्वेटरचे खिसे उलटे करा. पुढे उभी असलेली एक बाई कुरकुरली, पण ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. रक्ताच्या पिशवीवरचं नाव आपणही तीनतीनदा तपासतो. नियम म्हणजे नियम.

आत मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, शांतता राखा. खाली दोन पर्यवेक्षक बसले होते. गळ्यात फुलाफुलांचा स्कार्फ घातलेल्या एक बाई आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवणारे एक गृहस्थ. परीक्षा सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटा धावू लागला. सुरुवातीचे प्रश्न ताईंनी भराभर सोडवले.

आणि मग स्कार्फवाल्या बाईंनी तोंड उघडलं.

"अहो, जांभळे पडदे! बेडरूमला जांभळे पडदे लावलेत वन्संनी."

"काय सांगता!" किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला.

"आणि मला विचारतात, कसे दिसतात म्हणून."

कुजबुज नव्हतीच ती. स्वतःच्या घरी, स्वतःच्या सोफ्यावर बसावं तसं ते बोलत होते. थोड्या वेळाने वेफर्सचं पाकीट फुटलं आणि कुरुमकुरुम सुरू झाली. ताईंसमोर मोठा प्रश्न होता. रुग्णाचा रक्तगट एक चाचणी असा सांगते, दुसरी तसा, तर आता पुढे काय कराल? त्यांनी तो एकदा वाचला. पुन्हा वाचला. दर वेळी रुग्णाच्या जागी जांभळे पडदे येत होते.

ताईंनी हात वर केला. बाई आल्या.

"आवाजाचा त्रास होतोय," ताई हळूच म्हणाल्या.

"कसला आवाज?"

"तुमचा."

बाईंनी भुवया उंचावल्या. "ज्यांचा अभ्यास झालेला असतो ना मॅडम, त्यांना आवाज ऐकू येत नाही."

गृहस्थ खो खो हसले. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उभ्या राहिल्या. "केंद्रप्रमुखांना बोलवा."

केंद्रप्रमुख आले ते हातात चहाचा कप घेऊनच. ताईंचं म्हणणं त्यांनी अर्धंमुर्धं ऐकलं आणि सगळ्या खोलीला विचारलं, "आणखी कोणाला त्रास होतोय का?"

एकानेही मान वर केली नाही. सगळे आपापल्या पडद्यात घुसून बसले होते. शेजारचा दाढीवाला तरुण तर ताईंनाच म्हणाला, "मॅडम, बसा ना. सगळ्यांचा वेळ जातोय."

"बघा," केंद्रप्रमुख म्हणाले. "तुम्ही एकट्याच आहात." आणि चहाचा घोट घेत ते निघून गेले.

ताई खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अपमानाचं होतं. वेळ धावतच होता. आता आपण रडलो तर सगळे रविवार पाण्यात. त्यांनी सरळ पडद्यावर बोट टेकवलं आणि शब्दन् शब्द ओठांनी उच्चारत वाचायला लागल्या. पडद्यावर बोटांचे ठसे उमटले. मागे गप्पा चालूच होत्या. तरी एकेक प्रश्न सुटत गेला. भाग संपला तेव्हा शेवटचे काही प्रश्न मात्र वाचायचेही राहून गेले होते.

सुट्टीत पाण्याच्या मशीनपाशी एकेक जण ताईंजवळ सरकायला लागला.

"बरं झालं तुम्ही बोललात," झडतीच्या वेळी कुरकुरलेली बाई म्हणाली. "माझं तर डोकं उठलं होतं."

"मलाही काही सुचत नव्हतं," दाढीवाला म्हणाला.

ताईंनी हातातलं केळं तसंच खाली ठेवलं. "मग हात का नाही वर केलात?"

दाढीवाला म्हणाला, "उगाच नावावर काहीतरी नोंद व्हायची. मार्क कापले म्हणजे?"

"आपण तपासलेलं रक्त माणसांच्या अंगात जातं," ताई म्हणाल्या. "तिथे काही चुकलेलं दिसलं, तरी नोंद होईल म्हणून गप्प बसणार का तुम्ही? मला एकटं पाडून आता कौतुक करायला आलात होय?"

दाढीवाल्याची मान खाली गेली. ताईंनाही वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. "दुसऱ्या भागात आवाज झाला की मी पुन्हा हात वर करणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

दुसरा भाग सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि स्कार्फवाल्या बाईंचा फोन खणखणला. बाईंनी तो बसल्या जागीच घेतला. "हो, बोल ना. काही नाही गं, ड्यूटीवर आहे."

ताईंनी डावा हात वर केला. या वेळी त्या थांबल्या नाहीत. उजव्या हातात माऊस, डावा हात वर, आणि नजर प्रश्नावर. हाताला रग लागली, तरी त्यांनी खाली घेतला नाही. एक प्रश्न सुटला. दुसरा सुटला. मागे वळून बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

अचानक बाईंचं बोलणं मध्येच तुटलं.

ताईंनी मान वर केली. झडतीच्या वेळी कुरकुरलेल्या, पुढच्या रांगेतल्या बाईचा हात वर होता. दाढीवाल्याचाही. कोपऱ्यात आणखी दोनतीन हात. खोलीतले निम्मे लोक अजूनही मूग गिळून बसले होते, पण आता "तुम्ही एकट्याच" म्हणायची सोय राहिली नव्हती. केंद्रप्रमुख आले, या वेळी कपाशिवाय. त्यांनी दोन खुर्च्या उचलायला लावल्या आणि दोन्ही पर्यवेक्षकांना काचेच्या दाराबाहेर बसवलं.

खोलीत एसीची घरघर तेवढी उरली.

आणि ताईंना पुन्हा राग आला, सकाळपेक्षा जास्त. एवढंच करायचं होतं? दोन खुर्च्या दाराबाहेर न्यायच्या, बस? मग सकाळी काय धाड भरली होती? माझे न वाचलेले प्रश्न आता कोण परत देणार? रागाच्या भरात एक अख्खा परिच्छेद डोळ्यांखालून गेला आणि डोक्यात काही शिरलं नाही. ताईंनी डोळे मिटले, नवऱ्याने शिकवलं होतं तसे दहा श्वास मोजले. राग कुठे जात नाही, तो बाहेर थांबेल. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं आणि शेवटच्या मिनिटापर्यंत उचललं नाही.

ताई पास झाल्या. पहिल्या भागात काठावर, दुसऱ्यात उत्तम. त्यांनी संघटनेकडे केलेल्या तक्रारीला उत्तर आलं ते निकालानंतर. सदर केंद्रावर परीक्षा शांततेत पार पडली, अशी एक ओळ.

"अगं, पास झालीस ना?" नवरा म्हणाला. "सोड आता."

"मी पास झाले म्हणजे ते गप्प बसले होते, असा अर्थ होतो का?"

नवऱ्याने हात जोडले. ताईंनी दाढीवाल्याला फोन लावला. परीक्षा सुटल्यावर त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. तो जरा चाचरला. "ताई, माझाही निकाल चांगला लागलाय हो. आता कशाला..."

"म्हणूनच तर फोन केला. नापास झालेला बोलला की म्हणतात, रडतोय. आपल्याला तसं म्हणता येणार नाही. माझ्याबरोबर संघटनेत येतोस की नाही?"

तो आला. पुढच्या रांगेतली बाईही आली. संघटनेच्या कार्यालयात तिघं अधिकाऱ्यासमोर बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"पण तुम्ही तर पास आहात. तुम्हाला नक्की हवंय काय? फेरपरीक्षा?"

"नको. पर्यवेक्षकांनी खोलीत बोलायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा. आमचे रुमाल झटकता ना, मग त्यांचे फोनही काढून घ्या. आणि हे लेखी हवंय."

"बघतो."

"बघतो म्हणजे कधी?" या वेळी दाढीवाल्याने विचारलं.

अधिकाऱ्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि संगणकाकडे खुर्ची वळवली. सूचना त्याच दुपारी सगळ्या केंद्रांना गेली. स्कार्फवाल्या बाई आणि केंद्रप्रमुख यांपैकी कोणी माफी मात्र मागितली नाही. आता ताई रोज अहवालांवर सही करतात. परीक्षेला बसायचं म्हणून कोणी सल्ला विचारायला आलं, की अभ्यासाचं दोन वाक्यांत आटोपतात आणि त्या खोलीतल्या लोकांवर बोलायला लागतात, ते मग चहा गार होईपर्यंत.