मी टेबल झालो ती दुपार

जुना गॅसचा हीटर तो मीच, मित्रांनो. ओळख सांगतानाच मान खाली जाते. पण लपून राहिल्याने एकदा घात झालाय, म्हणून आता सांगणारच.

कारखान्यातून निघालो तेव्हा पुढे चकचकीत जाळी, पाठीला जळका वायू बाहेर टाकणारी नळी, असा माझा थाट होता. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या दुकानात आलो. दोन मशीन, कापडाचे ढीग आणि काज-बटणाला बसणारी सून, एवढाच त्यांचा पसारा. गारठ्याने आखडलेली बोटं मी पेटलो की भराभर चालू लागत. गिऱ्हाइकं म्हणत, "बाई, तुमच्याकडून पाय निघत नाही हो!" मला कोण अभिमान!

पुढे नळीतून वारा उलटा घुसू लागला, ज्योत फडफडू लागली. बाईंनी उरलेल्या अस्तराचा बोळा करून नळीत कोंबला. "ये म्हणावं वाऱ्याला आता!" कुठलंही भोक दिसलं की कापडाने बुजवायचं, ही त्यांची जन्माची सवय. ज्योत शांत झाली आणि मीही खूश झालो.

मग नगरपालिकेच्या तपासनीस बाई दुकानं तपासत गल्लीत आल्या. हीटर दिसला तर बंद करायला लावतील, या धास्तीने बाईंनी मला विझवलं, वर फळी टाकली, चादर पसरली, कात्री ठेवली. झालो मी टेबल!

तपासनीस बाईंनी माझ्यावर वही टेकवली. "टेबल गरम कसं हो?"

"आत्ताच इस्त्री उचलली. बसा ना, चहा टाकते."

सून काही बोलणार होती, पण सासूने डोळे वटारले. तपासनीस बाई गेल्यावर आमच्या बाई पोट धरून हसल्या. आणि मित्रांनो, मीसुद्धा मनात मिरवलो. त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पेटवून, दार-खिडक्या लावून काम चाललं होतं. सून म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय. मळमळतंय पण."

"बटणं समोर आली की तुझं डोकं बरं दुखतं!" असं म्हणत बाई शिवलेले कपडे पोचवायला निघाल्या. गारठा नको म्हणून दार घट्ट ओढून गेल्या.

धूर दिसत नव्हता, वास येत नव्हता. पण नळीत कोंडलेला विषारी वायू खोलीत भरत होता. सुनेच्या हातून सुई गळाली, मग तिची मान मशीनवर पडली. हे मीच करतोय, एवढं कळत होतं. विझणं मात्र माझ्या हातात नव्हतं.

बाई परतल्या आणि किंचाळल्या. "अगं ए! ऊठ ना गं माझे बाई!" तिला बखोटीला धरून त्यांनी फरफटत रस्त्यावर आणलं. दवाखान्यात तिने डोळे उघडले, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

तिथून त्या थेट नगरपालिकेत गेल्या. "काल तुम्ही वही ठेवलीत ना, ते टेबल नव्हतं. हीटर होता. माझ्या नावानिशी लिहा."

तपासनीस बाईंनी दुकानात येऊन नळीतून काळाठिक्कर बोळा ओढून काढला आणि बाईंच्या हातावर ठेवला. बाईंसारख्या तोंडाळ बाईला खाली मान घालताना मी तेव्हाच पाहिलं.

आता मी भंगारात पडलो आहे. माझी कीव करू नका. तपासायला कुणी आलं तर माझ्यासारख्याला झाकू नका, माझी नळी बुजवू नका. आणि घरात कुणी "डोकं दुखतंय" म्हणालं तर, मित्रांनो, आधी खिडकी उघडा. टोमणा मागाहून मारता येतो.