ओहोळातले विणकर

नफीसा आठवली की आधी वास येतो तो नुकत्याच उलथलेल्या ओल्या दगडाचा. शेवाळ, गाळ आणि सकाळची थंडी यांतून उठणारा तो हिरवट, किंचित कडवट गंध. आणि त्यामागोमाग डोळ्यांपुढे येतात तिचे हात. गुडघाभर पाण्यात वाकलेली, साडी वर खोचून घेतलेली ती दगड उचलायची, तो झोपलेल्या तान्ह्याला कुशीवर वळवावं इतक्या हलकेपणाने. त्याची खालची बाजू कोवळ्या उन्हाकडे धरायची आणि क्षणभर श्वास रोखून पाहत राहायची. दगडाच्या त्या ओल्या पोटावर मला चिखलाचे चार डाग दिसत. तिच्यासाठी तिथे एक अख्खं गाव जागं झालेलं असे.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आम्ही दोघी भिवंडीतल्या एकाच कॉलेजात लागलो. मी मराठी शिकवायची, ती प्राणिशास्त्र. तिचं घराणं कोकणी मुसलमानांचं, कित्येक पिढ्या भिवंडीत रुजलेलं. वडील लवकर गेले आणि लूमचा सगळा कारभार थोरल्या भावाच्या, इस्माईलभाईंच्या अंगावर आला. बहिणीला एम. एस्सी.साठी मुंबईला ठेवायचं त्यांनी ठरवलं तेव्हा नातेवाईक रुसले, काहींनी येणं-जाणं सोडलं. आपल्या घरात लूम चालवणारे पुष्कळ आहेत, सूक्ष्मदर्शकातून बघणारं एक तरी असू दे, एवढंच उत्तर त्यांनी सगळ्यांना दिलं होतं. ही गोष्ट नफीसाने मला पहिल्याच वर्षी सांगितली, आणि सांगताना तिच्या आवाजात अशी एक नम्र झळाळी होती की, त्या भावाला न पाहताही मला त्याच्याविषयी आदर वाटला.

आमचं गाव लूमच्या खडखडाटात जन्मलेलं आणि त्यातच झोपणारं. दिवे गेले की सगळं एकदम थांबे आणि त्या अनोळखी शांततेने झोपलेली मुलं दचकून उठत. त्या नादाची इतकी सवय जडलेल्या गावात राहून नफीसाने आपले कान नि डोळे कुठल्यातरी फार हळू चालणाऱ्या जगासाठी राखून ठेवले होते. रविवारी सकाळी रिक्षा करून आम्ही अंजूरच्या बाजूला जायचो. तिथे भातखाचरांच्या कडेकडेने एक ओहोळ खाडीकडे उतरे. पाऊस सरला की आश्विनात त्याचं पाणी निवळे, काठावरचं गवत पिवळं पडू लागे, आणि उन्हाला दुधाच्या सायीसारखा एक मऊपणा येई. मी प्रवाहात मच्छरदाणीचं कापड ताणून धरायची. ती वरच्या अंगाला उभी राहून पायांनी तळ ढवळायची. मग ते कापड पांढऱ्या थाळीत उलटं करायचं नि दोघींनी त्यावर ओणवायचं. आधी नुसता कचरा दिसे. थोडं थांबलं की कचऱ्याला पाय फुटत.

एकाच दिवसाचं आयुष्य लाभलेल्या माशीची, पण वर्षभर पाण्याखाली वाढणारी पिल्लं. शेपटीच्या जागी तीन धागे, कडेला श्वासाची थरथरती पिसं. उद्या चतुर होऊन उडायचे असलेले, आज मात्र बेरड चेहऱ्याने चिखलात दबा धरून बसलेले शिकारी. पृष्ठभागावर नाचणाऱ्या पाणनिवळ्या. नफीसा त्यांची नावं ओळखीच्या माणसांची घ्यावीत तशी घेई, मोजदाद करी, आणि शेवटी थाळी पुन्हा त्याच जागी, त्याच पाण्यात हळूच बुडवी.

एकदा मी विचारलं, पाणी चांगलं की वाईट हे कळायला प्रयोगशाळा आहेत, मग ह्या किड्यांच्या मागे एवढं का लागायचं?

"बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतंच बोलतं, वसू," ती म्हणाली. "आज स्वच्छ दिसलं, काल काय होतं कोण सांगणार? हे मात्र इथेच जन्मले, इथेच वाढले. पाणी दिसतं कसं ते बघू नये. त्यात राहतं कोण ते बघावं."

तिची सर्वांत लाडकी होती एक मातकट अळी. वेगाने धावणाऱ्या पाण्यात, दोन दगडांच्या फटीत, ही अळी तोंडातून रेशीम काढून जाळं विणते आणि वाहत येणारा कण न् कण त्यात झेलून त्यावर जगते. ते जाळं पाहायला नफीसा वडिलांचं भिंग वापरी, कापडाच्या इंचात किती धागे आहेत हे मोजायला व्यापारी खिशात ठेवतात ते, पितळी, घडीचं. भिंगातून पाहिलं की चौकोनाला चौकोन जोडलेली, उभ्या-आडव्या धाग्यांची एकसारखी वीण दिसे. "बघ, इथेही आमचीच जात," असं म्हणून ती हसे. तिचं हसू नेहमी आवाजाआधी डोळ्यांत उतरायचं.

पुढच्या काही वर्षांत ह्याच ओहोळाने तिला कसाला लावलं. एका हिवाळ्यात आम्ही नेहमीपेक्षा बरंच खाली, खाडीच्या दिशेला गेलो. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. मला तर ते वरच्यापेक्षा सुंदर वाटलं. पण दगडामागून दगड उलथला तरी त्यांची पोटं रिकामी. कापडात आल्या त्या फक्त लाल अळ्या, जिथे दुसरं कोणी तग धरत नाही तिथे माजणाऱ्या. काठावर गवत कापणारी एक बाई आमच्याकडे बघत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "पानी दिसाला बरा हाय, बाय. पन म्हशी तोंड लावत न्हाय."

नफीसा काठाकाठाने वर चालू लागली. थोड्या अंतरावर डावीकडून एक नाला ओहोळाला मिळत होता. त्याच्या वर दगड जिवंत होते, खाली मेलेले. आम्ही नाल्याच्या कडेने निघालो. झुडपं, एक मोडकं कुंपण, मग विटांची लांबच लांब भिंत. भिंतीच्या बुडातून एक पाइप बाहेर आलेला, त्यातून वाफाळतं, निळसर पाणी. ती भिंत मलाही ओळखीची होती. लूमच्या जोडीला इस्माईलभाईंनी काही वर्षांपूर्वी काढलेल्या डाइंगची, कापड रंगवायच्या कारखान्याची, ती मागची बाजू होती.

नफीसा कितीतरी वेळ तिथे उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धक्काही नव्हता. आपल्याच माणसाच्या अंगावर पहिल्यांदा व्रण दिसावा तशी एक स्तब्ध वेदना होती. "हा आमचाच नाला आहे," एवढं ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात गावातल्या ओढ्यानाल्यांच्या स्थितीवर कॉलेजात तिचं व्याख्यान ठरलं होतं. सहकाऱ्यांतल्या काहींच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्यांनी तिला प्रेमानेच सुचवलं की, घाण आहे एवढं सांगावं, ती कुठून येते ते सांगायची काही सक्ती नाही. तिने ते ऐकून घेतलं. मग एका शुक्रवारी दुपारी मला बरोबर घेऊन ती घरी गेली. इस्माईलभाई नमाज आटोपून आले होते; अंगावर पांढराशुभ्र झब्बा, दाढीला नुकती पांढरी रेघ लागलेली. चहा झाला, मला कॉलेजची खुशाली विचारून झाली, आणि नफीसाने कसलीही प्रस्तावना न करता पाहिलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला शिकवलं कोणी, नफीस? ह्याच लूमच्या खात्यांनी ना?"

"म्हणून तर आधी तुला सांगायला आले, भाय. दुसऱ्या कोणाचं असतं तर थेट सभेत बोलले असते."

"आणि आता?"

"सभेतही बोलणार."

किड्यांसाठी आपण कामगारांना घरी बसवायचं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बंद कर असं मी म्हणतच नाही, एकदा येऊन बघ. ते उठून आत गेले. दाराच्या जाळीतून येणारं उन्हाचं नक्षीकाम जमिनीवर सरकत होतं आणि नफीसा त्याकडे पाहत बसली होती. परीक्षेला बसल्यासारखे तिचे हात मांडीवर जुळलेले मला अजून दिसतात.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं; लूममालक, डॉक्टर, शिक्षक, सगळे होते. तिने चित्रं दाखवली, वरचे दगड नि खालचे दगड यांतला फरक समजावला, आणि आवाज न चढवता म्हणाली, "तो नाला माझ्या घरचा आहे. दुसऱ्यांचे असेच आहेत, पण सुरुवात घरापासून करते." नंतर टाळ्या झाल्या, पण तुरळक. घरी भावाने तिच्याशी बोलणं टाकलं. जेवणं एका छताखाली होत, वहिनी मधे निरोप्याचं काम करी. नफीसा मात्र रोज सकाळी निघताना भावाच्या खोलीपाशी थांबून "येते, भाय" म्हणत राहिली. त्या महिन्यांत ती खूप वाळली. पण आपण बोललो ते चूक, असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

फाल्गुनातला एक रविवार. ओहोळ बारीक झाला होता, काठावरच्या पांगाऱ्याला लालभडक फुलं आली होती. आम्ही पाण्यात होतो आणि बांधावर पांढरे कपडे दिसले. इस्माईलभाई चपला हातात घेऊन उतरत होते. नफीसाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि जणू ते दर रविवारीच येतात अशा सहजपणे वरच्या अंगाचा एक दगड दाखवून वडिलांचं भिंग त्यांच्या हातात दिलं. ते भिंग त्यांनी लगेच ओळखलं असावं. अंगठा पितळेवर एकदा फिरला. मग सवयीने डोळा बारीक करून ते वाकले. ज्यांचं सारं आयुष्य वीण तपासण्यात गेलं होतं त्यांनी ते जाळं फार वेळ पाहिलं.

"हे किड्याने विणलंय?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. मग त्यांना नाल्याच्या खाली नेऊन तिथला एक दगड उलथून दिला. तो बुळबुळीत, मुका दगड त्यांनी भिंगाखाली धरला, दुसरा धरला, तिसरा स्वतः वाकून उचलला. शेवटी भिंगाची घडी मिटत म्हणाले, "इथे सगळे लूम बंद आहेत." परतताना बहीणभाऊ बांधावरून एकामागे एक चालत होते, आणि चिखलात घसरू नये म्हणून त्यांनी तिला मागे हात दिला होता.

पावसाळ्याआधी डाइंगच्या मागच्या जागेत हौद खणले गेले. पाणी साठवायचं, त्यातल्या रसायनांचा तिखटपणा मारायचा, निवळू द्यायचं, मगच सोडायचं. इस्माईलभाई खर्चाबद्दल कुरकुरत, आणि हौदाचा गाळ मात्र वेळेवर काढवून घेत. ओहोळ लगेच सुधारला नाही. एक हिवाळा तसाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात नाल्याखालच्या एका फटीत नफीसाला एक तुटकं, लहानसं जाळं सापडलं, आणि ती त्या थंड पाण्यात चक्क मांडी घालून बसली. इतकी आनंदलेली मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

सगळ्यांनी हौद बांधले असं मात्र झालं नाही. नव्वदच्या दशकात शेतं विकली जाऊ लागली, भाताच्या जागी गोदामं उभी राहिली, आणि ओहोळ बराचसा पाइपात गेला. नफीसाला ते समोर दिसत होतं. ती कॉलेजातल्या मुलींना घेऊन अकलोलीला, तानसा नदीच्या काठी जाऊ लागली. गरम कुंडांपाशी रेंगाळणाऱ्या त्या मुलींना ती नदीत उतरवायची आणि दगड कसा धरायचा ते स्वतःच्या हाताने दाखवायची. दशक सरतासरता ती अल्पशा आजाराने गेली. माझ्याआधी, आणि तिला इतकं मानणाऱ्या थोरल्या भावाच्याही आधी.

तिच्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी इस्माईलभाईंना भेटायला डाइंगवर गेले. ते फार म्हातारे दिसत होते. मागच्या अंगणात हौदातला गाळ काढायचं काम चालू होतं आणि ते खुर्ची टाकून देखरेख करत होते. ओहोळ तर उरलाच नाही, मग हे अजून कशाला, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"पाणी पुढे कुठेतरी जातंच ना, बाई," ते म्हणाले, आणि कामगाराला कोपऱ्यातला गाळ राहिल्याचं दाखवलं.

गेलेली माणसं आठवणीत राहतात असं आपण म्हणतो. पण आठवण फार हळवी असते, झिजते, रंग बदलते. मला वाटतं, त्याहून खोल ती माणसं मागे राहिलेल्यांच्या सवयींत उतरून बसतात. आणि तिथवर हात पोचवायला काळालाही बराच वेळ लागतो.