आत्याचं पूर्ण तिकीट

आमच्या आतोबांनी उभी हयात वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली. बाजारात त्यांना सगळे 'काटा' म्हणत, तेही तोंडावर. दहा ग्रॅमची खोट असलेला तराजू त्यांनी कधी सोडला नाही. असा माणूस निवृत्त होऊन दोन दिवसांच्या सहलीला निघतो तेव्हा काय होतं, हे मी आठवडाभर भोगलं.

त्यांनी चौकटीच्या कागदावर तिकिटांचा तक्ता मांडला. चित्रांचं संग्रहालय चाळीस, जहाजांचं तीस, घड्याळांचं पंचवीस, एकूण पंच्याण्णव. तिन्हींचा मिळून दोन दिवसांचा पास ऐंशीला. "माणशी पंधरा, तिघांचे पंचेचाळीस वाचले!" म्हणत त्यांनी टेबलावर थाप मारली. पासष्टच्या पुढच्यांना पास अर्ध्या किमतीत, अशीही एक ओळ होती. तिच्यासमोर त्यांनी स्वच्छ अक्षरात 'लागू नाही' असं लिहिलं होतं. कारण आतोबा चौसष्टचे आणि आत्या बासष्टची.

त्याच संध्याकाळी आत्याने मला शिवणाच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"मी सहासष्टची आहे," ती म्हणाली.

लग्न ठरताना ती अठ्ठावीसची होती आणि मुलगा सव्वीसचा. आलेलं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझ्या आजोबांनी तिची चार वर्षं सरळ गाळून टाकली. त्यानंतर अडतीस वर्षं ती तो हिशेब सांभाळत होती. आपली कागदपत्रं शिवणयंत्राखालच्या डब्यात ठेवायची, केस दर पंधरवड्याला काळे करायची.

"पासवर जन्मतारीख लिहितात म्हणे. तू एकटी जाऊन काढ बाई. त्यांना कळलं तर मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर खोटी मापं पकडली, त्याच्या घरात मीच एक खोटं माप." तिचे डोळे भरून आले. मला आजोबांचा असा राग आला, पण ते आता कुठे सापडणार!

मी हो म्हटलं. पण काट्यापुढे माझं काय चालणार? सकाळी संग्रहालयाच्या दारात पोचताच आतोबा म्हणाले, "खिडकीवर मी उभा राहणार. तू सुट्टे मोजून घेत नाहीस."

आत्या पर्समध्ये ओळखपत्र शोधत होती. पर्सचे सगळे कप्पे पालथे घातले, तरी सापडेना. मला वाटलं, हिने मुद्दामच घरी ठेवलं असणार. तेवढ्यात आतोबांनी आपल्या खिशातून तीन ओळखपत्रं काढली आणि खिडकीतून आत सरकवली. माझं त्यांनी सकाळीच मागून घेतलं होतं; मधलं आत्याचं होतं, तिच्या पर्समधून कधी काढून घेतलं कोण जाणे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

खिडकीतल्या मुलीने कार्डं पाहिली. "काका, काकूंचा पास अर्ध्यात होईल. त्या पासष्टच्या वर आहेत."

"नाहीत," आतोबा म्हणाले.

"अहो, इथे लिहिलंय ना."

"चुकीचं लिहिलंय. तीन पूर्ण द्या."

"पण तुमचे चाळीस वाचतील, काका."

"मला नाही वाचवायचे!" आतोबा एवढ्या जोरात ओरडले की रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. मग खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "पोरी, ती मागेच उभी आहे. पूर्ण दे ना."

मी मागेच होते, त्यामुळे मला ऐकू आलं. आत्यालाही आलं. रांगेत नाणं पडलेलं दिसलं तर कुणाचं असं विचारणारा हा माणूस एका परक्या मुलीपुढे धडधडीत खोटं बोलत होता आणि वर जास्तीचे पैसे देत होता. मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आत्या पुढे झाली. "अर्धाच दे गं बाळ. सहासष्ट पूर्ण झाली मला."

मुलीने झटपट पास दिले. आम्ही बाजूला झालो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" आत्याने विचारलं.

"विम्याचा फॉर्म भरला तेव्हापासून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं."

"आणि बोलला नाहीत?"

"तू सांगितलं नव्हतंस, मग मी कसा बोलणार?" आतोबांनी चष्मा पुसायला घेतला. "साठावा वाढदिवस चार वर्षं उशिरा करताना मात्र जड गेलं मला."

आत्या हसली आणि हसता हसता रडायला लागली. आतोबा कावरेबावरे होऊन रुमाल शोधू लागले. शेवटी रुमाल मीच दिला.

पहिल्याच दालनात भिंतीला लागून एक बाक होता. समोर समुद्राचं भलंमोठं चित्र. आतोबा तक्ता उघडून पुढे निघाले होते, तेवढ्यात आत्या बाकावर बसली.

"मी इथेच बसते जरा. गुडघे दुखतायत."

"आत्ता? एवढ्यात?"

"दहा वर्षं झाली. बावन्नच्या बाईने कण्हायचं कसं, म्हणून जिने चढत राहिले."

आतोबा तिच्या शेजारी बसले. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं गं."