वलगावच्या वखारीची मागची भिंत

मी एक जुनी वखार आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा सूर आज थोडा तिखट लागेल. त्याला माझा इलाज नाही.

अमरावतीशेजारच्या वलगावात माझा जन्म झाला. गावच्या पांढरीची माती तुडवून तुडवून माझ्या जाड भिंती घातल्या, सागाच्या तुळया टाकल्या, वर मातीचं धाबं केलं. माझ्या पोटात तेव्हा ज्वारीची पोती असत. वर्षातून एकदा बाया येऊन भिंती सारवायच्या. मी सुखात होते.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसांची डोकीच फिरली. माझे मालक खुशालराव त्यांतले पहिले! त्यांनी ज्वारी काढून कापूस भरला आणि मला नवी करायला घेतलं. मला केवढा आनंद झाला होता! पण नवी म्हणजे काय, तर फक्त रस्त्याकडची भिंत. तिला चुना, दाराला नक्षी, बैठकीला गालिचा. कारण तिथे दलाल बसणार, उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबणार आणि गुपचूप भाव ठरवणार. पांढऱ्या चुन्यावर ओघळ नकोत म्हणून धाब्याचं सगळं पाणी मागे वळवलं. मागची भिंत कच्च्या मातीची, आणि या शहाण्या माणसाने तिच्याच पायात पाणी सोडलं!

एवढ्यावर थांबले तर ते खुशालराव कसले! माल कमी दिसला की भाव चढतो, म्हणून त्यांनी पुढची अर्धी वखार रिकामी ठेवली. सगळा कापूस मागच्या भिंतीला लावून, पायांनी तुडवून, छतापर्यंत रचला. भाव अजून चढेल म्हणून तो विकलाही नाही. भिंतीला पोट आलं. मी भेगा दाखवल्या, माती गाळून दाखवली. कोणी वळून पाहील तर शपथ.

पाहिलं ते खुशालरावांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी. त्याच भिंतीच्या आडोशाला गोदाबाई आणि तिच्या सोबतिणी कापसातला काडीकचरा वेचायला बसत. थकल्या की भिंतीलाच पाठ टेकत.

"अवो, मांगची भित फुगली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाया बसते तथी. आंगावर येईन एखांद्या दिसी."

"मांगचं कोन पायते? दिवायीले पाहू."

दिवाळीला! संताप म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझं जाऊ द्या हो, पण मी त्या बायकांच्या डोक्यावर पडणार होते, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

श्रावणात झड लागली. एका सकाळी पाऊस जरा उघडला, तशा बाया भिंतीशी येऊन बसल्या. पुढच्या बैठकीत अकोल्याचे दलाल इनायतुल्ला आले होते. त्यांचा आणि खुशालरावांचा हात उपरण्याखाली गेला होता. मनकर्णाबाई सहज मागे आल्या, तर भेगेतून कापूस बाहेर आलेला.

"उठा बायाहो! टोपल्या राहू द्या तथीच!" म्हणत त्यांनी गोदाबाईला हाताला धरून ओढलं. शेवटची बाई जेमतेम बाजूला झाली आणि माझी मागची भिंत कोसळली. मागची गल्ली कापसाने भरून गेली.

सगळे मागे धावले. इनायतुल्ला त्या ढिगाकडे बघतच राहिले. "खुशालराव, तुमी तं म्हनत होते, माल थोडाच हाये!"

खुशालरावांना ते ऐकूही आलं नाही. "आंधी कापूस उचला रे! भिजून राहिला!"

मनकर्णाबाई त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. "आंधी बाया मोजा."

 मग त्या ओल्या गल्लीत, चिखलात उभे राहून, बोट दाखवत खुशालरावांनी बाया मोजल्या. मधेच विसरले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.  सगळ्या होत्या. मगच ते कापसाकडे वळले.

त्याच वर्षी मागची भिंत दगडाच्या पायावर नव्याने उभी राहिली आणि पाणी पुढे वळवलं गेलं. चुन्यावर ओघळ आले, येऊ देत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी इमारत नवी करायला घेतली, तर मोठ्यांना रंग कोणता देणार ते विचारू नका. कोण कुठल्या भिंतीला पाठ टेकून बसतं, ते विचारा. आणि ती भिंत आधी बांधायला लावा.