पांढऱ्या दोऱ्याचा कळक

मी एक कळक बोलतोय. बांबू म्हणा हवं तर. पण आज मला पाहिलंत तर तसं म्हणायला जीभ वळायची नाही. मला उभा चिरून, सहा पट्ट्या तासून, त्या पुन्हा एकमेकींना चिकटवून माझी गळाची काठी केलेली आहे. मुठीपाशी बोटाएवढी जाड, शेंड्याला गवताच्या काडीएवढी बारीक.

मी वाढलो पार पूर्वेकडच्या एका टेकडीवर. तिथलं मला फारसं आठवत नाही. वारा होता, एवढं आठवतं. जहाजातून आलो आणि शेवटी इद्रिया नावाच्या डोंगरातल्या गावी लोव्रेन्कच्या हाती पडलो. हा माणूस पाऱ्याच्या खाणीत कामाला होता. एका हिवाळ्यात रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्याने मला घडवलं. रंधा इतका हळू चालवायचा की त्याची बायको अल्बीना म्हणायची, "पाळण्यातलं पोर आहे का ते? एवढं जपून?"

अल्बीना लेस विणायची. मांडीपुढे गोल लोड, लोडावर नमुन्याचा कागद, कागदावर टाचण्या, आणि दोऱ्यांच्या टोकांना लाकडी काड्यांच्या जोड्या. त्या काड्या एकमेकींवर आपटून दिवसभर टकटक वाजायच्या. त्या घरात दोघंही हातांनीच बोलत, तोंडाने थोडं.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर लोव्रेन्क मला घेऊन नदीवर जायचा. तंगुसाच्या बारीक दोराच्या टोकाला, गळ लपवलेली पिसांची इवलीशी खोटी माशी बांधायचा आणि ती पाण्यावर अशी उतरवायचा की खऱ्या माशीलाही पटावं. संध्याकाळी घरी आलो की अल्बीना विचारायची, "काय मिळालं?"

"आज काही नाही," तो म्हणायचा आणि बूट काढायचा.

तीस वर्षं हेच. गल्लीतल्या बायका हसत. शेजारची झोफ्का तर तोंडावर म्हणायची, "लोव्रेन्क, तुमच्या भरवशावर राहिलं तर मांजरसुद्धा उपाशी मरेल हो."

मला सगळं ठाऊक होतं. पण कळकाला कोण विचारतं?

एकदा त्याने तिच्या नमुन्याच्या कागदामागे पेन्सिलीने काहीतरी काढलं. वळणावळणाच्या रेघा, एकीत एक शिरणाऱ्या. तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "हे विणता येईल का गं?"

तिने चष्मा वर केला. "याला ना सुरुवात, ना शेवट. टाचणी कुठे लावू?"

तो जरासा हसला आणि पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

मग तो गेला. मला कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. अकरा वर्षं. धुळीचं काही वाटत नाही, पण कळकाला पडून राहिलं की बाक येतो. तो मला येत होता.

अल्बीनाला सदुसष्टावं लागलं तेव्हाची गोष्ट. लोव्रेन्कचा जुना सोबती इझिदोर घरी आला होता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, बोलताना अजून मध्येच आरशात बघितल्यासारखं मागे बघायचा. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या ज्लिक्रोफीची दुसरी ताटली संपवून तो म्हणाला, "वहिनी, लोव्रेन्कसारखा हात या नदीवर पुन्हा झाला नाही. काय एकेक मासा काढायचा."

अल्बीनाचा चमचा थांबला. "मासा? त्याने जन्मात एक मासा घरी आणला नाही."

"आणला नसेल. पकडला नाही असं कोण म्हणतं? पकडायचा, बघायचा, सोडून द्यायचा."

"आणि मला सांगायचा, काही नाही म्हणून."

इझिदोरने मागे वळून बघितलं. तिथे भिंत होती.

"तीस वर्षं खोटं बोलला," अल्बीना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "का, भाऊ?"

"ते मला काय माहीत, वहिनी? ते पाण्यालाच विचारा."

दुसऱ्या दिवशी तिने स्टूल ठेवलं आणि मला खाली काढलं. माझ्यावरच्या, तंगूस ओवायच्या कड्या ज्या रेशमाने बांधल्या होत्या ते कुजलं होतं. तिने आपल्या लेसचा पांढरा दोरा घेतला आणि एकेक कडी बांधून काढली. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे. मग शिकवायला इझिदोरला घेऊन ती नदीवर गेली. तिथली म्हातारी मंडळी मला बघून म्हणाली, "इझिदोर, हा नवरदेव कुठून आणलास?"

"हसा," अल्बीना म्हणाली. "तुमच्या लग्नातले टेबलपोस मीच विणलेत. कोणाचा कुठे उसवला ते सांगू का?"

मंडळी आपापल्या गळांकडे वळली.

शिकणं सोपं नव्हतं. लेसवालीच्या हाताला थांबायची सवय नसते आणि माझं सगळं काम थांबण्यावर. दोर मागे फेकला की तो मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. ती घाई करायची आणि माशी विलोच्या झाडात अडकायची. शेवटी तिने स्वतःच युक्ती काढली. मागे फेकलं की ओठांतल्या ओठांत म्हणायची, "ओलांड, पीळ, ओलांड, पीळ," आणि मग पुढे. लेसचीच मोजणी ती. तेवढ्यात दोर सरळ व्हायचा.

मासे लागायलाही लागले. पण तीनदा मासा लागला आणि तीनदा माशीसकट गेला. इझिदोरने तंगुसाचं टोक हातात घेऊन निरखलं.

"गाठीचं शेपूट कुठे आहे?"

"कापलं. गाठीशी अगदी चिकटून. माझ्या कामात शेपूट दिसलं तर आईने हातावर मारलं असतं."

"वहिनी, हे कोणी टेबलावर अंथरणार नाही. पाण्यात गाठ आवळते, सरकते. थोडं शेपूट राहू द्या. कुरूप दिसू द्या."

साठ वर्षांत पहिल्यांदा तिने गाठ कुरूप ठेवली.

सप्टेंबरातली दुपार होती. ऊन तिरपं झालं होतं आणि पाणी तळापर्यंत हिरवं दिसत होतं. ओलांड, पीळ, ओलांड, पीळ. माशी एका खडकामागे उतरली. पाणी फुगलं, नुसतं फुगलं, आणि मी मुठीपर्यंत वाकलो. इतका मी लोव्रेन्कच्या हातीही क्वचितच वाकलो होतो. माझ्या सहाही पट्ट्या ताणल्या. पांढरा दोरा करकरला, पण धरून राहिला. गाठही राहिली.

बराच वेळ गेला. इझिदोर काठावर उभा होता. शेवटी ती गुडघाभर पाण्यात वाकली, हात ओले केले आणि माशाच्या पोटाखाली धरले. हातभर लांब संगमरवरी ट्राउट होता तो.

त्याच्या पाठीवर, डोक्यावर, पार गालांपर्यंत वळणावळणाच्या रेघा होत्या. एकीत एक शिरणाऱ्या. ऊन पडलं की त्या हलायच्या, जणू अजून कोणीतरी विणत होतं.

अल्बीना म्हणजे साठ वर्षं नमुने पाहिलेली बाई. तिने मान वाकवून पहिली रेघ शोधली, शेवटची शोधली. मासा शांत श्वास घेत होता.

"टाचणी कुठे लावू," ती हळूच म्हणाली. कोणाला म्हणाली ते इझिदोरला कळलं नाही. मला कळलं.

तिने गळ काढला. मासा क्षणभर तिच्या तळव्यावरच राहिला. मग तिथे नुसतं पाणी होतं.

घरी येताना दारात झोफ्का उभी होती. "काय गं अल्बीना, काय मिळालं?"

अल्बीनाने तोंड उघडलं, मिटलं. मला दिसलं, ती शब्द शोधत होती आणि एकही पुरत नव्हता. असंच एक तोंड मी तीस वर्षं, दर रविवारी पाहिलं होतं.

"आज काही नाही," ती म्हणाली आणि बूट काढायला बसली.

त्या संध्याकाळी तिने जुने नमुने एकेक उलटून पाहिले आणि मागे पेन्सिलीच्या रेघा असलेला तो कागद सापडला. आता तो लोडावर आहे. मी कपाटावर नाही, चुलीजवळच्या खुंटीवर आहे. बाक थोडा राहिलाय, तो राहणारच. तुमच्याकडे कोणी असं वर ठेवलेलं असेल तर त्याला खाली काढा, एवढंच म्हातारं मागणं.

ती रोज लोडापुढे बसते. काड्या वाजत नाहीत. एक टाचणी तिच्या बोटांत असते, आणि ती कागदाकडे बघत राहते.